मे महिन्यात येणारं पुस्तक

लातूरच्या हॉस्टेलमधून पुस्तकांचा खोका परत आला तेव्हा मी आधी पोरीवरच भडकले. बारावीचं वर्ष, मेडिकलचा क्लास, आणि ट्रंकेत कपड्यांखाली काय, तर राजवाडे, जादू आणि ड्रॅगन. रेक्टरबाईंनी ती पुस्तकं तपासणीत धरली आणि भेटायला गेलेल्या तिच्या पप्पांच्या हाती खोका दिला. नांदेडला घरात तो टेकवून हे म्हणाले, "असलं वाचून कोणी डॉक्टर झालंय का आजवर?" मी म्हटलं, "न वाचून तरी सगळे कुठं होऊन राहिलेत?" पण ते बोलण्यापुरतं. मनातून मीही रद्दीवाल्याचीच वाट बघत होते.

हॉस्टेलचा नियम असा, की मोबाइल जमा करायचा आणि रविवारी सकाळी रेक्टरबाईंच्या फोनवरून घरी बोलायचं, मागं बाकीच्या मुली रांगेत उभ्या. लातूरच्या त्या क्लासच्या गल्लीत पोरं ठेवलेल्या सगळ्या आईबापांचा पहिला प्रश्न एकच असायचा, टेस्टला किती पडले? माझाही तोच. ती आकडा सांगायची. जेवलीस का? हो. झोप होते का? हो. दिवाळीनंतर तिचा आवाज पातळ होत गेला. "बोल की गं काहीतरी," म्हटलं की म्हणायची, "काय बोलू?" ही तीच पोर, जिला ताटावर बसल्यावर जरा गप्प बस म्हणून दटावावं लागायचं.

त्या वर्षी क्लासच्या गल्ल्यांतून पोरांनी जिवाचं बरंवाईट केल्याच्या खबरा येत होत्या. कोणाचा भाचा, कोणाच्या शेजारची मुलगी. आमच्या शाळेच्या स्टाफरूममध्ये बाया हळू आवाजात सांगायच्या, "आपलं लेकरू तसं न्हाई बाई," म्हणायच्या आणि डबा उघडायच्या. मीही म्हणायचे. डबा मात्र तसाच घरी परत आणायचे.

संक्रांतीनंतरच्या एका रविवारी विचारायला काही उरलंच नाही, म्हणून मी ठोकून दिलं, "तुझं ते सावलीवालं पुस्तक वाचतेय." मी फक्त वरचं चित्र पाहिलं होतं. पलीकडून एकदम आवाज आला, "खरंच? कुठपर्यंत आलीस?" कित्येक आठवड्यांनी तिनं मला प्रश्न विचारला होता. मागच्या मुलीनं तिला ढकलेपर्यंत ती बोलत राहिली. मग काय, खोटं निभावायला खरं वाचणं आलं.

मी गणिताची बाई. इंग्रजी कादंबरी आयुष्यात हातात धरलेली नाही. शेजारी डिक्शनरी ठेवून मधल्या सुट्टीत वाचायचे, कुकरच्या शिट्ट्या मोजता मोजता वाचायचे. पुस्तकातल्या त्या राज्यात सोळा वर्षांच्या सगळ्या पोरांची परीक्षा घेतात आणि जो नापास होईल त्याची सावली कापून घेतात. मी म्हटलं, बाई, हे तर लातूरच झालं. पुढच्या रविवारी मी फोनवर तक्रार केली, "या लेखकांना आयांचं एवढं काय गं वावडं? वीस पानं होत नाहीत तोवर मारून मोकळे." ती हसली. म्हणाली, "मम्मी, आई जिवंत असली तर पोरीला कुठं जाऊ देईल का? मग गोष्ट कशी होणार?"

मीही हसले. फोन ठेवल्यावर मात्र ते वाक्य डोक्यातून जाईना. मी तर जिवंत होते, आणि मी जाऊ दिलं होतं.

खोक्यात त्या पुस्तकाचे दोन भाग होते; दुसऱ्याच्या शेवटी तिथल्या राजवाड्यात एक दार आहे, ज्यातून आत गेलेलं कोणी परत येत नाही. गोष्टीतली मुलगी आपण होऊन त्या दारातून आत जाते, आणि पुस्तक संपतं. तिथंच. मी पान उलटून पाहिलं, मागं जाहिराती. असा राग आला त्या लेखिकेचा! दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर तडक पुस्तकांचं दुकान गाठलं. दुकानदार म्हणाला, "तिसरा भाग मे महिन्यात, मॅडम. आत्ताच नाव सांगून ठेवा, पोरी बेजार करून राहिल्यात." मे म्हणजे तिची परीक्षा झाल्यावर. मी नाव सांगितलं आणि खूप दिवसांनी जिवाला थंड वाटलं. ज्याला मे महिन्यातल्या पुस्तकाची ओढ आहे, तो मे महिन्यापर्यंत कुठं जात नाही, असा माझा हिशोब. मग मी त्यालाच विचारलं, त्यानंतर काय येणार? जूनमध्ये ड्रॅगनवाली कादंबरी. पावसाळ्यात समुद्रातल्या शहराची. दिवाळीला चेटकिणींची, ती चांगली जाडजूड आहे म्हणाला. मी सगळं तोंडपाठ केलं. दर रविवारी एकेक सांगायची आणि पोरीला महिना महिना पुढं न्यायची, असं मी ठरवून टाकलं. वेडेपणा होता. पण दुसरं माझ्या हातात काय होतं?

त्या रविवारी मी टेस्टचं विचारलंच नाही. म्हटलं, "तिसरा भाग सांगून ठेवला बरं का तुझ्यासाठी."

"नको मागवू, मम्मी."

"अगं, ती त्या दारातून बाहेर कशी येते ते नको का कळायला?"

"तिला बाहेर यायचंच नसेल तर?" मग म्हणाली, "घरचे ते दोन भागपण देऊन टाक कोणाला तरी."

मी काही बोलायच्या आत फोन रेक्टरबाईंनी घेतला. त्या खूश होत्या. "काही काळजी करू नका ताई, आता लई मन लावून करते. कोणाच्यात मिसळत नाही. सोबतची मुलगी बाहेर गेली की खोलीत आतून कडी लावून बसते."

कोणत्याही दुसऱ्या आईला हे ऐकून बरं वाटलं असतं. माझं माहेर किल्लारीजवळचं. भूकंपात माझी आत्या आतून कडी लावून झोपली होती. भिंत सरकली, दार चौकटीत आवळलं आणि बाहेरून माणसं खेचत राहिली. तेव्हापासून आमच्यात कोणी आतून कडी लावत नाही. नांदेडच्या घरात आतल्या एकाही दाराला आम्ही कडी बसवलेली नाही. लेक तर न्हाणीतसुद्धा मोठ्यानं गाणं म्हणायची, कारण आत कोणी आहे हे कळायचा आमच्याकडं तेवढाच मार्ग. ती पोर कडी लावून बसते म्हणे!

"लगेच जाते," मी म्हटलं. हे म्हणाले, "अगं, अभ्यासात खंड पडेल." मग माझ्या तोंडाकडं पाहिलं आणि गाडी काढून मला स्टँडवर सोडलं. बसमधून मी रेक्टरबाईंना फोन केला, "तिला तुमच्याजवळ बसवून ठेवा, मी येईपर्यंत." त्या म्हणाल्या, "बरं बरं." ते 'बरं बरं' मला गप्प करण्यापुरतं होतं, ते मला कळलं. नंतर त्यांनी फोन उचलला नाही. अहमदपूर गेलं, चाकूर गेलं. देवाचं नाव घ्यायला गेले तर तेही पुरतं आठवेना. कंडक्टरनं विचारलं, "ताई, तब्येत बरी न्हाई का?" मी मान हलवली.

हॉस्टेलचा जिना चढून तिच्या खोलीचं दार वाजवलं. आतून काही नाही. परत वाजवलं, हाताला लागेपर्यंत.

"कोण?"

तो एक शब्द ऐकला आणि मी म्हटलं, "मी आहे, मम्मी." कडी निघाली. ती समोर उभी, वेणी घातलेली, अंगावर बाहेर जायचा ड्रेस. मी विचारलं नाही, रागावले नाही. म्हटलं, "चल घरी."

"परीक्षा?"

"घरून दे. नाहीतर राहू दे."

तिनं एकदाच माझ्याकडं पाहिलं, वाकली आणि कॉटखालून बॅग ओढली. बॅग भरलेलीच होती. चादरीची घडी घातलेली, खोली झाडलेली, आणि तिच्या सगळ्या नोट्स सुतळीनं बांधून खोलीतल्या दुसऱ्या मुलीच्या कॉटवर ठेवलेल्या. बसमध्ये ती माझ्या खांद्यावर झोपली. नांदेडपर्यंत मी तिचं मनगट सोडलं नाही.

याला आता बरीच वर्षं झाली. ती डॉक्टर झाली नाही. नोकरी करते, भरपूर बोलते, माझ्याशी भांडते. ती बॅग घरी यायला भरली होती की आणखी कशाला, हे मी तिला आजवर विचारलेलं नाही. मला भीती वाटते, ती खरं सांगेल.