पल्याडचा बैल

चंपत बोलायच्या आधी फेट्याचा शेव झटकायचा. वांगं तोडताना फांदी दुखावली, तर झाडाला "राहू दे, राहू दे" म्हणायचा. तांब्यातला शेवटचा घोट कधी स्वतः प्यायचा नाही, जवळच्या रोपाला घालायचा. भाकर मोडायच्या आधी उगवतीच्या डोंगराकडे एकदा बघायचा. काय बघता म्हणून विचारलं, तर म्हणायचा, "काई नाई. बसला हाय अजून."

उत्तमला हे कळायला बरेच दिवस लागले.

उत्तम नागपुरातून साहित्य विषय घेऊन बी. ए. झाला आणि मालेगावी परत आला. नोकरीचा पत्ता नव्हता. घरी वडील शेतीचं बोलायचे, याला ते ऐकवत नसे. गावाबाहेर चंपतचा भाजीचा मळा होता. तिथं तो एकदा पेरू खायला गेला, आणि जातच राहिला. चंपतची पन्नाशी उलटलेली, याला मिसरूड फुटून फार दिवस झाले नव्हते. तरी मैत्री जमली.

तुळसाबाई ही चंपतची बायको. मानमोडीच्या साथीत गेली. तिचं माहेर डोंगरापलीकडे, किन्हीराजाच्या अंगाला, एका लहानशा वस्तीवर. नवरी होऊन आली त्याच दिवशी तिनं डोंगराकडे बघून नाक मुरडलं होतं.

"हा आमचाच डोंगर. पण तुमच्याकून निस्तं ढुंगण दिसते त्याचं. आमच्याकून पाहा, बैल बसला हाय. शिंगासगट!"

चंपतला ती माहेरची बढाई वाटायची. लग्नाला तो तिथं गेला होता, पण तिन्हीसांजेला. डोळ्यांपुढे मुंडावळ्या आणि पोटात भीती. पहाटेच वरात निघाली. पुढे तिचे आईबाप गेले, वस्ती उठली, आणि तिकडे जायला निमित्त उरलं नाही. ती होती तोवर वेळ मिळाला नाही. ती गेल्यावर मात्र त्याला तो बैल बघायचाच होता.

पण मळ्याला सुट्टी नसते. मोटेनं हौद भरायचा, हौद सोडायचा, एकेका वाफ्यात पाणी वळवायचं. हे काम तो दुसऱ्याच्या हाती देत नसे. परका माणूस घाई करतो, बांध फुटतो, रोपांची मुळं उघडी पडतात, असं त्याचं म्हणणं. वांगी संपली की जाऊ म्हणायचा, तोवर मिरची लागायची. मिरची झाली की कांदा.

"काका, तुमाले जाचंच नाई," उत्तम एकदा चिडून म्हणाला.

चंपतनं शेव झटकला. मग बोटानं धुळीत डोंगर काढला.

"फागणात जाऊ. कांदा पोसला की एखांदं पाणी चुकलं तरी मरत नाई. उजाडताच निघाचं. पळसाच्या रानातून खिंड चढाची. वरतं झिरा हाय म्हणते, तिथं पाणी पिऊ. पल्याड उतरून तिच्या वस्तीवर भाकर खाऊ. अन् वापस गाडवाटेनं, डोंगराले वळसा घालून. दिवे लागाच्या आंदी घरी."

"त्यापक्षा गाडवाटेनं जाऊ अन् खिंडीतून येऊ. ऊन लागन तवा सावली भेटन."

"नाई. गाडवाटेनं ती आली होती. त्याच वाटेनं मले घरी याचं हाय."

त्याची भावजय प्रयागबाई शेजारी मेथीच्या जुड्या बांधत होती. तिला हसू आवरेना.

"भाऊजी, म्हंजे डोंगर डाव्या हाताले? उलटी फेरी? देवाले कोणी अशी घालते का?"

"देव कुठं हाय थो? बैल हाय."

"मंग तर जपूनच जा. बैलाच्या मांगून गेलं की लाथ मारते!"

चंपत खूप हसला. इतका हसताना उत्तमनं त्याला पाहिलं नव्हतं.

तेव्हापासून त्याचं वागणं बदललं. झरा आटला का, हे त्यानं तांड्यावरच्या लालसिंगाला विचारून घेतलं. नव्या वहाणांना रोज करडीचं तेल चोळायचा. एकदा मध्येच म्हणाला, "उत्तम, तुह्या पुस्तकाइत डोंगराचं लिवते का कोणी?"

"लिवते ना."

"मांगच्या बाजूचं?"



ठरल्या दिवशी उत्तम उजाडताच निघाला. फडक्यात भाकरी आणि ठेचा होता. मळ्याच्या वाटेवर त्याचे पाय ओले झाले. पाणी वाटेवरून नाल्याकडे चाललं होतं. चंपतच्या मळ्यातलं पाणी कधी वाटेवर येत नसे. उत्तम पळत सुटला.

एखादं पाणी चुकलं तरी कांदा मरत नाही, असं चंपतच म्हणाला होता. तरी तो अंधारात उठला होता. मोट चालवली, हौद भरला, बैल सोडून त्यांना कडबा टाकला. नव्या वहाणा चिखलात नकोत म्हणून बांधावर काढून ठेवल्या. मग हौद सोडला. तो वाफ्याशी पालथा पडला होता. पाणी त्याच्या अंगाला वळसा घालून, बांध फोडून गेलं होतं.

उत्तमनं खांदा धरून त्याला वळवलं; अंग गार पडलं होतं. प्रयागबाई आली आणि तिनं हंबरडा फोडला, तेव्हा त्याच्या हातातलं फडकं खाली पडलं.

दुपारी लोक नाल्यावरून आंघोळी करून घरोघर गेले. उत्तम घरी गेला नाही. मळ्यात आला. बैल कडबा चघळत होते. कांद्याचे अलीकडचे वाफे भिजून काळे झाले होते. चंपत पडला त्या वाफ्याचं तोंड अर्धंच उघडलं होतं, आणि फावडं तिथंच मातीत रुतलं होतं. त्याच्या पुढचे वाफे कोरडे होते.