वीस पट्ट्यांची बाही

माझ्या चित्रांचे समीक्षक दोनच. एक मी, आणि मी स्वतःवर फार लवकर खूश होते. दुसरे माझे बाबा, नागपूरच्या जरीपटक्यातले शिंपी, आणि त्यांना खूश करणं म्हणजे लोखंडाचे चणे खाणं. चित्र कसलंही असो, ते कपाळावरचा चष्मा खाली घेतात, कागद हातभर लांब धरतात आणि निकाल देतात, "बाही आखूड झाली."

मी मिहानच्या आयटी पार्कमधल्या एका कंपनीत दिवसभर कॉम्प्युटरपुढे बसते, वय एक्केचाळीस, आणि उरलेल्या वेळात एका कॉमिक्समधल्या नायिकेची चित्रं काढते. ती माझी नव्हे, तिला घडवणारे दुसरेच आहेत. मी नुसती चाहती. ती विजेच्या तारांवरून पळते, खांबावरून उड्या घेते आणि अंगात कायम पूर्ण बाह्यांचं जाकीट घालते, मे महिन्यातसुद्धा. नागपूरच्या मे महिन्यात जाकीट घालणारीला माझ्या मते आणखी वेगळ्या शक्तीची गरजच नाही.

गेल्या उन्हाळ्यात धरमपेठेत कॉमिक्सवाल्यांचा मेळावा भरणार होता आणि तिथल्या एका भिंतीवर चाहत्यांची चित्रं लावणार होते. मी ठरवलं, आपण तिची उडी काढायची. खांबावरून थेट बघणाऱ्याच्या अंगावर येणारी, उजवी मूठ अगदी नाकासमोर. खरं सांगायचं तर मला भिंतीचं एवढं कौतुक नव्हतं. ती मूठ बाबांना जाणवायला हवी होती. आखूड दिसणारा हात आखूड नसतो, तो आपल्याकडे येत असतो, हे त्यांना आयुष्यात एकदा दिसावं, एवढीच माझी हाव होती.

अडचण अशी, की ते मलाच नीट दिसत नव्हतं. चित्रकार याला फोरशॉर्टनिंग म्हणतात. समोर येणाऱ्या वस्तूची लांबी दाबायची, जवळचं टोक मोठं काढायचं, लांबचं लहान. वाचायला किती सोपं! पण मी वाढले शिंप्याच्या दुकानात. शिवून झालेल्या दोन बाह्या एकमेकींवर ठेवायच्या, टोकाला टोक जुळतं का पाहायचं, नाही जुळलं तर उसवायला द्यायचं, हे काम मी शाळेत होते तेव्हापासून केलं आहे. कागदावरही माझा हात तेच करत होता. मूठ छान मोठी यायची, पण खांद्याकडे जाताना मन खायला लागायचं आणि मी हात पुरा करून टाकायचे. एकदा तर चक्क टेप लावून दोन्ही हात सारखे केले. नायिकेच्या खांद्यातून हात नव्हे, पडवळ लोंबत होतं.

ऑफिसातल्या मैत्रिणीला मी कॅन्टीनमध्ये मूठ पुढे करून उभं केलं. "माह्या हातात मुंग्या येऊन राहिल्या वं," असं ती म्हणत होती, तेवढ्यात आमचे साहेब ताट घेऊन समोर आले. त्यांनी तिची मूठ पाहिली, तिचा चेहरा पाहिला आणि मुकाट्याने दुसऱ्या टेबलावर जाऊन बसले. मोबाइलने फोटो काढला तर त्यात हात अगदी बरोबर दिसला. कागदावर उतरवताना मात्र माझ्या बोटांनी पुन्हा माप भरून काढलं.

अकरावं चित्र जरा जमलं. तेवढ्या उत्साहात ते घेऊन मी दुकानात गेले. बाबांनी गळ्यातला टेप काढला आणि खरोखर माझ्या नायिकेच्या हातांवर ठेवला.

"डावा साडेआठ, उजवा तीन. काहून वं?"

"बाबा, तो हात तुमच्याकडे येऊन राहिला न!"

"मंग येऊ दे ना. पण पुरा येऊ दे."

मी भडकले. एक्केचाळीस वर्षांच्या बाईला शोभणार नाही इतकी भडकले. "तुमाले कपड्यापलीकडचं काही समजत नाही," असंही बोलून गेले. त्याच कपड्यांवर माझं शिक्षण झालं, तेव्हा हे बोलायला नको होतं, आणि बोलता बोलताच मला ते कळत होतं. पण तोंड थांबलं नाही. पुढचे तीन दिवस आम्ही एकाच टेबलावर जेवलो आणि "मीठ द्या" आणि "घे" यापलीकडे आमचं बोलणं झालं नाही.

रविवारी मी डबा घेऊन गेले तेव्हा दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. कूलर घरघरत होता आणि बाबांच्या मशीनवर एक बाही पडली होती. नुसती बाही, तिला सदरा नव्हता. उरलेल्या कापडातून शिवलेली, निळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची, आणि पट्ट्या उभ्या नव्हेत, बांगड्यांसारख्या हाताभोवती फिरणाऱ्या.

"निळ्या पट्ट्या वीस आहेत," ते म्हणाले. "मोजल्या मी. हात पुरा असन तं चित्रात वीसच्या वीस दिसल्या पाहिजेत. नाही तं तुहा हात खोटा."

मला रागही आला आणि हसूही. मला हरवायला हा माणूस सुट्टीच्या दिवशी मशीनवर बसला होता! मी ती बाही त्यांच्याच हातात चढवली, त्यांना स्टुलावर बसवलं आणि म्हटलं, "मूठ करा. माह्याकडे."

आणि मला दिसलं. मनगटाजवळच्या पट्ट्या रुंद होत्या, ऐसपैस. त्यांच्यामागची थोडी अरुंद, तिच्यामागची आणखी अरुंद. कोपरापासून पुढे तर त्या रांगेतल्या माणसांसारख्या एकमेकींच्या आडून डोकावत होत्या. प्रत्येक पट्टी गोल वळून आपल्या मागचीला जरा झाकत होती. हात कुठेच कमी झाला नव्हता. त्याची सगळी लांबी तिथेच होती, एकीमागे एक उभी. मी हात काढायचं सोडून दिलं आणि फक्त पट्ट्या काढत गेले. पहिली, दुसरी, तिसरी. इतका आनंद मला कित्येक वर्षांत झाला नव्हता; मी मोठ्याने गाणं म्हणत होते म्हणे. बाबांचा हात भरून आला तरी त्यांनी तो खाली घेतला नाही. मीही मुळीच घाई केली नाही, थोडा सूड म्हणून.

चित्र झाल्यावर त्यांनी टाचणीच्या टोकाने पट्ट्या मोजल्या.

"सोळा. चार कुठी गेल्या?"

"मुठीच्या मागं."

"मले तं वीस दिसून राहिल्या."

"तुमी वरून पाहून राहिले बाबा. समोरून पाहा."

ते उठले आणि गिऱ्हाइकांसाठी लावलेल्या मोठ्या आरशापुढे जाऊन उभे राहिले. त्या आरशापुढे त्यांनी आजवर किती माणसं उभी केली असतील, पण सगळी हात खाली सोडून. हात समोर करा, असं त्यांनी कधी कोणाला सांगितलं नव्हतं. आता त्यांनी आरशातल्या स्वतःवर मूठ रोखली, एक डोळा मिटला आणि ओठ हलवत मोजलं. मग पुन्हा मोजलं.

"आरसा जुना झाला," ते म्हणाले आणि त्यांनी डबा उघडला.

चित्र मी रंगवलं आणि पट्ट्या तशाच ठेवल्या. नायिकेच्या जाकिटाला पट्ट्या नाहीत, हे मला पुढे कट्टर चाहत्यांनी तीन वेळा ऐकवलं. चित्र निवडलं गेलं. बाबा मेळाव्याला येतील असं काही मला वाटलं नव्हतं, पण त्या दिवशी दुपारी ते शटर ओढून, इस्त्रीचा सदरा घालून दारात तयार. धरमपेठेतला तो हॉल कॉमिक्समधल्या पात्रांसारखे सजून आलेल्या, रंगीबेरंगी केस लावलेल्या आणि पुठ्ठ्याच्या तलवारी घेतलेल्या लोकांनी खच्चून भरला होता. बाबा शांतपणे त्यातून वाट काढत होते. फक्त एकीची पाठीवरची केप पाहून "तिरपी कापली" एवढं पुटपुटले.

भिंतीपाशी ते माझ्या चित्रासमोर थांबले. मी मुद्दाम चार पावलं मागे राहिले. थोड्या वेळाने ते डावीकडे सरकले आणि चित्राकडे पाहिलं. उजवीकडे सरकले, पुन्हा पाहिलं. मग पार भिंतीच्या टोकाशी गेले आणि तिथून मान वळवली. मूठ तिथेही त्यांच्यावरच रोखलेली होती. सरळ समोर आलेली मूठ असंच करते, तुम्ही कुठूनही पाहा, ती तुमच्याकडेच येते. पण हे मी त्यांना कधी सांगितलं नव्हतं, त्यांचं त्यांनीच शोधून काढलं. सत्तरी ओलांडलेला माणूस त्या गर्दीत भिंतीपुढून इकडून तिकडे येरझारा घालत होता आणि मिशीत हसत होता.

शेजारी हिरव्या केसांची एक मुलगी उभी होती. ओळख ना पाळख, बाबांनी तिला हाताने बोलावलं. "इकडून पाह्य वं. आता तिकडून पाह्य. सोडतच नाही!"

ती दोन्हीकडून पाहून आली आणि खळखळून हसली. "काका, तुम्ही काढलं का?"

"नाही वं. माह्या पोरीनं."

"काय करते तुमची मुलगी?"

दुकानात कोणी हे विचारलं की त्यांचं उत्तर ठरलेलं असतं, मिहानमधी कॉम्प्युटरवर आहे. ते पाठ असल्यामुळे मी ऐकलं न ऐकल्यासारखं करून दुसरीकडे पाहत होते.

"चित्रं काढते," बाबा म्हणाले आणि तिला पुन्हा डाव्या बाजूला घेऊन गेले.