ठोक्याचे कान

ठोक्याला बॅंडमध्ये घेतलं ते त्याच्या हातोडीमुळे, आणि पुढचं सगळं अरिष्टही त्या हातोडीतूनच आलं.

ऑक्सिजन भरायच्या कारखान्यात तो कामाला होता. परत आलेले रिकामे सिलिंडर पुन्हा भरण्याआधी एकेक छोट्या हातोडीने ठोकून ऐकायचा. धड सिलिंडर घंटेसारखा घणघणतो. आतून गंजलेला किंवा तडा गेलेला बद्द वाजतो. बद्द वाजला की खडूने फुली मारून बाजूला काढायचा. मामांनी हेच काम तीस वर्षं केलं होतं. आता ते तिथे मुकादम होते, आणि मेहुणे गेल्यावर बहिणीचं घर चालावं म्हणून त्यांनी भाच्यासाठी मालकाकडे शब्द टाकला होता. "हात कुणाचाही चालतो," पहिल्याच दिवशी ते म्हणाले, "इथे पगार कानाचा. कान सांभाळ." विशीच्या पोराला असं काही सांगून उपयोग नसतो, पण मोठी माणसं सांगायची राहत नाहीत.

वेल्डर हा कारखान्याचं नेहमीचं गिऱ्हाईक. ठोक्याच्याच वयाचा. एकदा सिलिंडर न्यायला आला आणि ही ठोकाठोक ऐकत उभाच राहिला.

"ड्रम वाजवतोस का रे?"

"नाही."

"मग आजपासून वाजव."

बॅंड निघाला तो असा. वेल्डरकडे जुनी गिटार होती आणि त्याला तीन कॉर्ड येत होत्या. पंक म्युझिकला, म्हणजे नुसत्या आरडाओरड्याच्या गाण्यांना, चौथी लागत नाही, हे तो छाती फुगवून सांगायचा. गायला ठोक्याची मामेबहीण आली. ती दिवसभर मशीनवर एकाच शाळेचे गणवेश शिवायची आणि त्या एका रंगाचा राग संध्याकाळी गळ्यातून काढायची. नाव तिनेच ठेवलं, बोंबाबोंब. पहिला कार्यक्रम एका सायकल स्टँडवर झाला. ऐकायला नऊ जण, त्यातले चार सायकल काढायला आलेले. तरी त्या दिवशी तिघांना आभाळ ठेंगणं झालं होतं.

तालीम वेल्डरच्या दुकानामागच्या पत्र्याच्या खोलीत चालायची. शेजाऱ्यांची कटकट नको म्हणून दार, खिडकी, सगळं बंद. आवाज बाहेर जात नव्हता, म्हणजे तो जात कुठे होता याचा विचार तिघांपैकी एकानेही केला नाही. घरी मामेबहिणीने मामांना सांगून ठेवलं होतं, "बाबा, आम्ही अगदी हळू वाजवतो." ठोक्याने एकदा कानात कापूस घालायची गोष्ट काढली, तर ती म्हणाली, "हातमोजे घालून जेवतोस का?" विषय तिथेच संपला.

तालमीनंतर कानात किणकिण राहायची. या येड्यांना त्याचं भय वाटायला हवं होतं. त्यांनी त्याचीच पैज लावली. ज्याची किणकिण जास्त वेळ टिकेल तो खरा पंक! आधी ती रात्रीत जायची. मग सकाळच्या चहापर्यंत राहू लागली, मग दुपारपर्यंत. पैज दर वेळी ठोक्या जिंकायचा. एका सोमवारी ती गेलीच नाही. मंगळवारीही नाही. त्याने हातोडी उचलली, पहिला सिलिंडर ठोकला, तो घणघणला. दुसरा घणघणला. तिसराही. संध्याकाळपर्यंत एकही बद्द वाजला नाही. घणघण सिलिंडरची की आपल्या डोक्यातली, हे त्याला कळेनासं झालं होतं.

त्याच दिवशी मामांना सांगायला हवं होतं. पण सांगितलं की काम गेलं, काम गेलं की आईच्या घराचं काय? उद्या थांबेल, परवा थांबेल, असं म्हणत तो गप्प राहिला. आठवडाभराने मामांनी विचारलं, "काय रे, एकही फुली नाही? माल एकदम सुधारला वाटतं." तेव्हापासून तो लाजेकाजेस्तव अधूनमधून एखाद्यावर फुली मारू लागला. डोळे मिटून, कुठल्याही. बाकीचे भरून बाहेर जात होते. झोपेत त्याला आता गाणी ऐकू येत नसत, स्फोट ऐकू येत.

तिसऱ्या आठवड्यात, एका सकाळी, मामा फुलीच्या सिलिंडरांपाशी थांबले. सहज म्हणून त्यांनी एक ठोकला. मग दुसरा, मग सगळे.

"हे तर धड आहेत," ते म्हणाले. त्यांनी भरायला लावलेल्यांतला एक ठोकला आणि भाच्याकडे पाहिलं. "हा?"

"चांगला आहे."

"हा बद्द आहे," मामा अगदी हळू म्हणाले. "कधीपासून?"

ठोक्याने सांगितलं. मामा ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी फक्त भरणं बंद करायला लावलं, बाहेर गेलेल्या मालाची यादी काढली आणि एकेकाला फोन लावायला बसले. एकेक जण सिलिंडर बाजूला ठेवायला कबूल झाला. आज सकाळीच सिलिंडर नेलेला वेल्डर मात्र फोन उचलेना. पुन्हा लावला. उचलेना.

मामांनी स्कूटर काढली. दुकानासमोर ती पुरती थांबायच्या आत ठोक्या उडी मारून आत धावला. वेल्डर पाठमोरा बसून फाटकाची जाळी घासत होता. दोनदा हाक मारली तरी वळला नाही. शेवटी ठोक्याने त्याचा खांदा ओढला.

"सिलिंडर! खराब आहे तो!"

"कुठे काय? नुसता उभा आहे की."

दोघं सिलिंडरजवळ गेले. वाकले. कान जवळ नेऊन ऐकलं. काही नाही. ठोक्याला इतकं हायसं वाटलं की त्याचे डोळे भरून आले. त्याने मान वर केली तर दारात मामा उभे, चेहरा पांढराफटक, दोन्ही हात हलवत काहीतरी ओरडत होते. मग ते धावतच आत आले, दोघांना मानगुटीला धरलं आणि ओढत, फरफटत रस्त्यापलीकडच्या भिंतीआड नेऊन टाकलं.

"शिट्टी वाजतेय त्याची!" मामा धापा टाकत ओरडले. "मला गाडीवरून ऐकू आली! तुम्ही कान लावून काय ऐकत होतात?"

वेल्डरने ठोक्याकडे पाहिलं, ठोक्याने वेल्डरकडे. सिलिंडर रिकामा होईपर्यंत कुणीही पुढे जायचं नव्हतं. रस्ता शांत होता, निदान त्या दोघांना तरी. बऱ्याच वेळाने ठोक्याने विचारलं, "मामा, थांबली का हो?"

"नाही अजून," मामा म्हणाले.