पांढऱ्यात निळं

रंगाच्या कारखान्यात त्याला पाठीमागे सगळे सर्वज्ञ म्हणत, तोंडावर साहेब. त्याला दोन्ही माहीत होतं आणि दोन्ही आवडत होतं, यावरून काय तो माणूस ओळखा.

रंग मिसळणाऱ्या यंत्राचा प्रोग्राम त्याचा. सी नावाच्या संगणकाच्या भाषेत लिहिलेला. बाकीच्या भाषांचं नाव काढलं की हा नाक मुरडायचा, "ती खेळणी." पण एखाद्या छटेचं सूत्र बदललं की अख्खा प्रोग्राम पुन्हा कंपाइल करून, म्हणजे यंत्राला कळेल असा नव्याने घडवून, यंत्रावर चढवायचा, याला तोही कंटाळला. मग त्यातलंच एक खेळणं, स्क्रिप्टची एक छोटी भाषा, त्याने गुपचूप आपल्या प्रोग्रामच्या आत आणून बसवलं. सूत्र बाहेर साध्या फाइलमध्ये लिहायचं, सीने ते त्या स्क्रिप्टच्या भाषेपुढे टाकायचं, तिने हिशेब करून आकडा द्यायचा: निळा किती, पिवळा किती. काम फर्मास झालं होतं, खोटं कशाला बोला.

आता अशा पाहुण्या भाषेला हिशेब सांगितला की आधी विचारायचं असतं, बाई, जमलं का? मग आकडा उचलायचा. शिकाऊ माणूससुद्धा विचारतो. सर्वज्ञाने नाही विचारलं. त्याने लिहिलेलं सूत्र चुकेलच कसं?

यंत्रावर त्याचा मेहुणा होता, बायकोचा धाकटा भाऊ. यानेच चिकटवलेला. एका सकाळी पांढऱ्या रंगाचा सगळा घाणा निळसर निघाला. मालकाने विचारलं, चूक कोणाची? सर्वज्ञाने पटकन हात झटकले. "प्रोग्राम चुकत नाही. बटणं माणूस दाबतो." मेहुण्याला घरी पाठवलं. ठेवायचं की काढायचं, ते सोमवारी ठरणार होतं.

सगळे गेल्यावर उंटावरच्या शहाण्याने फाइल उघडली. आदल्या दिवशी त्यानेच पांढऱ्याचं सूत्र बदललं होतं आणि एक कंस बंद करायचा राहिला होता. स्क्रिप्टने इमानेइतबारे 'जमत नाही' म्हणून सांगितलं होतं, पण ऐकायला होतं कोण? सीच्या हातात आधीच्या घाण्याचा, आकाशी रंगाचा आकडा तसाच पडला होता. यंत्राने तोच ओतला.

त्याला लाज वाटली. खरंच वाटली, चांगली घटकाभर. मग त्याने कंस बंद केला, 'जमलं का' विचारणाऱ्या दोन ओळी घातल्या आणि मूग गिळून घरी आला. सोमवारी मालकाला सांगू, असं स्वतःला बजावलं. स्वतःला बजावायला काय जातं.

रविवारी मेहुणा जेवायला आला. ताटातलं नुसतं चिवडत होता.

"भाऊजी, मी पांढऱ्याचंच बटण दाबलं होतं," तो म्हणाला. "निदान मला तसं वाटतंय. आता माझी मलाच खात्री राहिली नाही."

बायकोने वाढता वाढता नवऱ्याकडे पाहिलं. "अहो, तुम्ही तपासलंत ना सगळं? काही सापडलं का?"

सर्वज्ञाने तोंडातला घास नीट चावून गिळला.

"नाही," तो म्हणाला. "होतं असं एखाद्याच्या हातून."

मेहुण्याने मान हलवली. सोमवारी मालकाने काही विचारायच्या आधीच तो चूक माझीच म्हणून लिहून देऊन मोकळा झाला. भाऊजींच्या कामावर उगाच कोणी बोट ठेवायला नको, म्हणाला. मालकाने त्याला काढलं. सर्वज्ञ त्याला फाटकापर्यंत सोडायला गेला, एवढं मात्र त्याने केलं.