अनीसचा बटणांचा फोन

अनीस गेल्याचं कळलं तेव्हा मी वाशीमला ऑफिसात, सर्व्हरसमोरच बसलो होतो. त्याच्या बायकोनं, फरहाना वहिनींनी, फोनवर एवढंच सांगितलं, "भाऊ, तुमचा दोस्त गेला." मी हातातलं काम पुरं केलं आणि मगच उठलो... तसाच आहे मी, सगळ्याला उशीर करणारा.

वाशीमजवळच्या मालेगावात बसस्टँडजवळ त्याचं मोबाईलचं दुकान. आम्ही दोघांनी बाजारभावाची वेबसाइट काढली होती. भाव तो भरायचा, सर्व्हर मी सांभाळायचो. वेबसाइटचं पान लवकर पोचावं म्हणून मी ते आवळून, म्हणजे कॉम्प्रेस करून पाठवायचो. फोन पान मागतानाच सांगतो, आवळलेलं उलगडता येतं की नाही. सर्व्हरनं ज्याला जसं झेपेल तसं द्यायचं. पुढे वेग आणखी वाढवायला मी मध्ये कॅश, म्हणजे एकदा काढलेली प्रत जपून तीच पुढच्यांना देणारी सोय बसवली आणि फोनागणिक प्रत वेगळी ठेव, हे तिला सांगणारी ओळच विसरलो. मग सकाळी जो पहिला मागेल, त्याची प्रत ती दिवसभर साऱ्यांना वाटायची. पहिला मीच असायचो, माझ्या नव्या फोनवर. मला पान लख्ख दिसायचं. जुन्या फोनांवर नुसता चिन्हांचा कचरा.

जऊळका गावचं एक गिऱ्हाईक चारचौघांत अनीसला म्हणालं, "खराब फोन इकून राह्यला तू." त्यानं वाद न घालता फोन बदलून दिला. मग आणखी काहींचे. मला सांगताना हसत होता, "दुकान मायं हाय, तर शिव्याबी मायाच." त्याच आठवड्यात चूक मला सापडली. गुपचूप ओळ घातली आणि त्याला सांगितलं, नेटवर्कचा घोळ होता. "बरं झालं," म्हणाला. पुढे कधीच विषय काढला नाही.

त्याच्या चाळिसाव्या दिवसाच्या विधीला गेलो तेव्हा वहिनींना सगळं सांगून टाकलं. मग दुकानाच्या काचेच्या कपाटातून त्यांनी एक बटणांचा फोन काढला, जऊळकेवाल्याकडून परत घेतलेला. दुकान उघडलं की अनीस रोज आधी त्याच्यावर भाव पाहायचा म्हणे.

"मी इचारलं काहून, तर म्हनले, माया दोस्ताजवळ असा फोन नाही, म्हून मी पाहून घेतो."

त्याला सारं ठाऊक होतं का... कोण जाणे. पण माझ्या कामावर कुणीतरी रोज अशी नजर ठेवून होतं, आणि एका शब्दानंही मला खाली पाहायला लावलं नाही.

तो फोन आता माझ्या टेबलावर असतो. सकाळी पहिलं पान त्याच्यावर मागतो, मग माझ्या फोनवर. खरं तर गरज उरलेली नाही. ज्याला जसं झेपतं तसंच आता जातं. तरी इवल्याशा पडद्यावर तुरीचा भाव ओळीओळीनं उतरेपर्यंत मी थांबतो.