तिसऱ्या हंगामाचा शेवटचा फटका

जगात मराठी भाषेत आइस हॉकीच्या संघाची बखर लिहिणारा माणूस एकच आहे, आणि तो नेमका माझ्या साडूंचा थोरला भाऊ आहे. हे मी कौतुकाने सांगत नाही आणि तक्रारही करत नाही. नातेवाईक निवडता येत नाहीत हे सगळ्यांना ठाऊक आहे; त्यातून साडूचा भाऊ हे नातं असं, की ते टाळताही येत नाही आणि कुणाला एका दमात समजावूनही सांगता येत नाही. हे बंधू (तोंडावर मी त्यांना दादा म्हणतो) मूळचे पुण्याचे, आता न्यूझीलंडात पापाकुऱ्यातल्या एका औषधांच्या दुकानात फार्मासिस्ट आहेत, आणि त्यांनी आयुष्यात कधीही बर्फावर पाऊल ठेवलेलं नाही. ओल्या फरशीवरूनसुद्धा ते भिंतीला धरून चालतात. तरीही दक्षिण ऑकलंडमधल्या एका आइस हॉकी संघाचा चौदा हंगामांचा इतिहास, हंगामवार, सामनावार आणि लहर लागली तर मिनिटवार, त्यांच्या चौदा निळ्या वह्यांत लिहिलेला आहे. तो वाचलेला माणूसही जगात एकच, तो म्हणजे मी. संघातल्यांना मराठी येत नाही, मराठी माणसांना आइस हॉकी कळत नाही, आणि मी हिल्सबरोला राहत असल्यामुळे रविवारी जेवायला बोलावण्याच्या टप्प्यात आहे.

याची सुरुवात त्यांच्या मुलीच्या स्केटिंगच्या क्लासपासून झाली. मुलगी आत बर्फावर आणि बंधू बाकावर, अंगात दोन स्वेटर, डोक्याला कानटोपी, मांडीवर थर्मास. मुलीचा क्लास संपला की संघाचा सामना सुरू व्हायचा. एके दिवशी गोल लिहिणारा माणूस आला नाही. संघाच्या मॅनेजरने बाकांकडे पाहून विचारलं, कुणाकडे पेन आहे का? बंधूंच्या खिशात चार होती. मुलीने दोन महिन्यांत स्केटिंग सोडलं आणि आता ती ख्राइस्टचर्चला इंजिनिअर आहे. वडील अजून तिथेच बसलेले आहेत. तिला मराठी सगळं समजतं, पण उत्तर इंग्रजीतच येतं. एकदा सुट्टीला आली असताना वह्यांची चळत बघून ती म्हणाली, "बाबा, हू इज एव्हर गोइंग टू रीड धिस?" बंधूंनी शांतपणे सांगितलं की वाचणारे येतात आणि जातात, नोंद राहते. त्यावर तिने माझ्याकडे पाहिलं. मी आमटी वाढून घेतली.

संघ व्यावसायिक आहे, यावर त्यांचा कटाक्ष आहे. वस्तुस्थिती अशी की संघात दोन प्लंबर, एक दातांचा डॉक्टर, काही विद्यार्थी आणि एक डेअरीवाला, म्हणजे इथला कोपऱ्यावरचा दुकानदार, आहे, आणि बर्फाचं भाडं ते स्वतःच वर्गणी काढून भरतात. पण सामन्यानंतर प्रत्येक खेळाडूला एक गरम मिन्स पाय, म्हणजे खिमा भरलेली पेस्ट्री, मिळतो. बंधूंचं म्हणणं, खेळाच्या बदल्यात काहीतरी मिळतं ना? मग तो व्यवसाय. मी म्हटलं, "दादा, मग सत्यनारायणाला येणारे सगळे व्यावसायिकच की." त्यांनी थोडा वेळ विचार केला आणि ती तुलना योग्य नाही असं सांगितलं. का, ते सांगितलं नाही.

भाषा मात्र बखरीची. प्रतिस्पर्धी संघाला ते गनीम म्हणतात, दक्षिण बेटावरच्या सामन्यांना मोहीम, आणि खेळाच्या तीन भागांना पहिला, दुसरा, तिसरा प्रहर. मधल्या वेळात बर्फ गुळगुळीत करायला जे यंत्र फिरतं, ते त्यांच्या वहीत सारवणयंत्र आहे. नवव्या हंगामातला उतारा मला पाठ आहे: "पहिले प्रहरी गनीम जोरावर होता. दुसरे प्रहरी आपली फळी चालून गेली, थोरला प्लंबर याणे दोन गोल मारिले. तिसरे प्रहरी मोठी हाणामारी जाहली, तींत प्लंबर कैद जाहला. दोन मिनिटांनी सुटला." (या खेळात दांडगाई केली की खेळाडूला दोन मिनिटं बाहेरच्या कोंडाळ्यात बसवतात.) मी एकदा धीर करून म्हटलं की बखरी म्हणजे निम्म्या ऐकीव गप्पा, असं जाणकार म्हणतात. ते म्हणाले, "भाषा बखरीची. शिस्त औषधांच्या दुकानाची."

ही शिस्त काय चीज आहे ते पापाकुऱ्यातल्या कुठल्याही पेशंटला विचारा. बंधू कुणालाही पूर्ण नाव आणि जन्मतारीख विचारल्याशिवाय गोळी देत नाहीत. मग तो माणूस वीस वर्षं दर महिन्याला येत असो, समोरच राहत असो, आदल्या दिवशी त्यांच्याकडे जेवून गेलेला असो. माझ्या बायकोला त्यांनी तिची जन्मतारीख विचारली आणि तिने सांगितल्यावर कागदाशी ताडून पाहिली. दुसरा नियम असा, की बाटलीवर एकाने लेबल लावलं की दुसऱ्याने तपासून सही करायची. हे दोन्ही नियम त्यांनी हॉकीला लावले. गोल झाला हे ते डोळ्यांनी बघतात, पण लिहितात ते रेफरीच्या सहीचा कागद हातात आल्यावर. आणि प्रत्येक हंगामाची वही पूर्ण झाली की शेवटी दोन सह्या: एक त्यांची, दुसरी तपासणाऱ्याची. तपासणारा कोण, हे वेगळं सांगायला नको. मी फिजिओथेरपिस्ट आहे. माणसांचे गुडघे तपासणं हे माझं काम. पण गेली काही वर्षं माझ्या रविवारच्या दुपारी गोल तपासण्यात जातात.

बंधू संघाशी जोडले गेले पाचव्या हंगामात. आधीचे चार त्यांनी जुने कागद धुंडाळून लिहिले, आणि तिथेच घोडं अडलं. तिसऱ्या हंगामाचा अंतिम सामना संघाने जिंकला, हे चषकावर कोरलेलं आहे, त्यामुळे त्याबद्दल वाद नाही. वाद कसा जिंकला याचा. सामना बरोबरीत सुटला की एकेक खेळाडू रबराची ती काळी चकती घेऊन एकटाच गोलरक्षकावर चालून येतो, अशी या खेळाची रीत आहे. गनिमाचा शेवटचा फटका आपल्या गोलरक्षकाने अडवला आणि चषक आला, ही गोष्ट रिंकवरचं शेंबडं पोरसुद्धा सांगतं. कॅन्टीनच्या भिंतीवर त्या गोलरक्षकाचा फोटो आहे. पण सामन्याचे कागद ज्या खोक्यात होते त्यावर पाण्याचा पाइप फुटला आणि त्यांचा लगदा झाला. बंधूंनी त्या सामन्याला हजर असलेले सात जण शोधून काढले. एक म्हणाला डाव्या हाताने अडवला, एक म्हणाला डाव्या पायाने, एकाने छाती सांगितली, एकाने हेल्मेट, एकाने पाठ, आणि उरलेल्या दोघांनी गुडघा, पण वेगवेगळा. बंधूंनी सातही साक्षी बाद केल्या. एका माणसाने एका चकतीला एवढे अवयव लावणं शक्य नाही, असा अभिप्राय त्यांनी मला दिला. तिसऱ्या वहीचं शेवटचं पान त्यांनी कोरं ठेवलं आणि त्यावर सही केली नाही.

गंमत अशी, की तो गोलरक्षक त्यांचाच पेशंट होता. निवृत्त बस ड्रायव्हर, आडवा बांधा, पांढरी दाढी, भर थंडीतही पायात जँडल्स, म्हणजे रबरी चपला. छातीच्या औषधासाठी दर महिन्याला यायचा. "किया ओरा, डॉक," असा माओरी नमस्कार करायचा. मी डॉक्टर नाही, असं बंधू दर महिन्याला सांगायचे, मग नाव विचारायचे, जन्मतारीख विचारायचे. तो सगळी उत्तरं द्यायचा आणि पिशवी घेताना हसून विचारायचा, मला घातलंस का पुस्तकात? बंधू म्हणायचे, कागद नाही. तो म्हणायचा, मग पुढच्या महिन्यात बघू. मी हे काउंटरच्या बाजूला उभा राहून कितीदा तरी ऐकलेलं आहे. मला म्हाताऱ्याची दया यायची. एकदा गाडीत मी चिडून म्हटलं, की बिचारा एक ओळ मागतोय, कुणाचं काय जाणार आहे? बंधू म्हणाले की चुकीची गोळी देतानाही माणूस हेच म्हणतो.

या मे महिन्यात, हंगाम तोंडावर आलेला असताना, बंधू रविवारी जेवता जेवता म्हणाले, "तिसरा हंगाम आता लवकर लिहायला हवा." एवढंच. कारण विचारलं तर पोळी पुढे केली. मला उलगडा व्हायला दोन दिवस लागले. कुणाचं औषध बदललं, कुणाचा डोस वाढला आणि कुणाच्या चिठ्ठीवर आता फक्त वेदना कमी करणारी औषधं उरली आहेत, हे घरच्यांच्याही आधी फार्मासिस्टला कळतं. आणि ते कुणाला सांगायचं नसतं. त्यांनी सांगितलंही नाही. फक्त पुढच्या शनिवारी मला फोन करून म्हणाले, "जरा हॉस्पिसपर्यंत सोडता का? आणि पेन आणा. तपासणाऱ्याची सही लागेल."

म्हणजे पान लिहून झालं होतं. गाडीत मी ते वाचायला मागितलं. बंधूंनी वही दिली आणि खिडकीबाहेर बघत बसले. अक्षर नेहमीचं, ठसठशीत: "गनिमाचा शेवटला वीर वाऱ्यासारखा चालोन आला. आपले गोलरक्षक पहाड होऊन उभे राहिले. चकती डावे पायीं झेलिली. जयजयकार जाहला." खाली आधार म्हणून काही नव्हतं. ज्या माणसाने माझ्या बायकोची जन्मतारीख ताडून पाहिली होती, त्याने सात अवयवांतला एक डोळे मिटून उचलला होता. मला भरून आलं. ते कळू नये म्हणून मी म्हटलं, "डावाच पाय का, दादा?" ते म्हणाले, "त्या पायाला बूट मोठा होता म्हणतात." आणि लाजले.

म्हातारा खिडकीपाशी उशांना टेकून बसला होता, अर्धा उरलेला. आम्हाला बघून हसला. बंधूंनी खुर्ची ओढली, वही उघडली आणि त्याला अवाक्षर न कळणाऱ्या भाषेत सगळं पान मोठ्याने वाचलं. मग एकेक वाक्य इंग्रजीत सांगितलं. म्हातारा ऐकत राहिला. मग त्याने खिडकीकडे तोंड वळवलं. मला वाटलं, त्याला रडू आलं असावं.

"फार सुंदर आहे," तो शेवटी म्हणाला. "पण मी नाही अडवला, डॉक. गोलच्या खांबाला लागला."

बंधू वही मांडीवर धरून बसले होते. म्हातारा थांबत थांबत, मधे श्वास घेत सांगत होता. चकती त्याला दिसलीच नव्हती. मागे खांबाचा आवाज आला, तो एकट्यालाच ऐकू आला, कारण तोवर सगळा संघ त्याच्या अंगावर येऊन पडला होता. उठला तेव्हा तो हिरो झालेला होता. आधी सांगायला वेळ मिळाला नाही, आणि मग फार उशीर झाला. त्याच्या बायकोला ती गोष्ट फार आवडायची. नातवंडं ती शाळेत सांगतात. कॅन्टीनमध्ये फोटो लागला त्या दिवसापासून तो कॅन्टीनमध्ये जेवला नव्हता.

"मग दर महिन्याला का विचारायचात?" बंधूंनी विचारलं. मी त्यांचा आवाज इतका हळू कधी ऐकला नव्हता.

"तू नाही म्हणायचास म्हणून," म्हातारा म्हणाला. "सगळ्या गावात तू एकटाच नाही म्हणायचास. ते ऐकलं की मला महिनाभर बरं वाटायचं."

बंधूंच्या दृष्टीने हा केवढा मोठा क्षण होता, हे त्या खोलीत मलाच ठाऊक होतं. इतक्या वर्षांनी त्यांना त्या सामन्याचा पुरावा मिळाला होता. प्रत्यक्ष त्या माणसाच्या तोंडून, स्वतःच्या विरुद्ध जाणारा, शुद्धीवर असताना, साक्षीदारासमोर दिलेला. असा पुरावा मिळावा म्हणून इतिहास लिहिणारी माणसं आयुष्य घालवतात. मी खिशातलं पेन काढून तयार ठेवलं. बंधूंनी चष्मा काढून पुसला. मग पहाडापासून जयजयकारापर्यंत सगळं एका आडव्या रेघेने खोडलं आणि खाली दोनच ओळी लिहिल्या: "शेवटचा फटका गोलात गेला नाही. तो कसा चुकला, याविषयी कोणतीही विश्वसनीय माहिती उपलब्ध नाही." त्या त्यांनी म्हाताऱ्याला इंग्रजीत सांगितल्या. त्याने डोळे मिटले आणि म्हणाला, "स्वीट ॲज, डॉक." म्हणजे झकास. मी डॉक्टर नाही, हे बंधूंनी त्या दिवशी सांगितलं नाही.

परतताना पापाकुरा आलं तेव्हा ते म्हणाले, "हे बरोबर झालं ना हो?" आजवर त्यांनी मला गोल विचारले होते, मिनिटं विचारली होती; हे कधी विचारलं नव्हतं. मी हो म्हटलं.

हंगामाचा पहिला सामना व्हायच्या आतच म्हातारा गेला. रिंकवर सगळे जमले, चहा झाला, मिन्स पाय झाले, आणि ज्याने त्याने तो फटका आपापल्या परीने सांगितला. बंधू बाकावर बसून सगळं ऐकत होते. म्हाताऱ्याच्या नातीने त्यांना येऊन विचारलं, आजोबा आहेत ना तुमच्या पुस्तकात? त्यांनी तिला सांगितलं की पानोपानी आहेत, बाकीच्या सामन्यांत त्यांनी अडवलेला एकेक फटका कागदासकट आहे, तू कधीही ये, मी वाचून दाखवीन. ती तेव्हापासून दोनदा येऊन गेली. पहिल्या हंगामाच्या सहाव्या सामन्यापर्यंत त्यांचं वाचन आलं आहे, आणि तिला गनीम हा शब्द फार आवडतो म्हणे. आता काही महिन्यांत ते तिसऱ्या वहीपाशी पोहोचतील आणि बंधू शेवटचं पान तिला जसंच्या तसं वाचून दाखवतील. चौदा वह्यांमध्ये खोटं असं वाक्य एकच, विश्वसनीय माहिती उपलब्ध नाही हे. त्याखाली दोन सह्या आहेत, आणि दुसरी माझी आहे.