कादरमामांची मेलेली कार्डं

मोडलेली वस्तू कादरमामा कुणाला फेकू देत नसत. तुटका स्क्रू असो की फाटका पट्टा, आधी तो रुमालावर मांडायचे, बराच वेळ बघायचे आणि मगच हत्याराला हात घालायचे. कुणी घाई केली की म्हणायचे, "आधी मयत बघू द्या, मग माती द्या. मेलं कशानं ते कळाया नको?"

नगरच्या एका छापखान्यात ते मशीनमन होते. नखांत कायमची शाई, कानावर पेन्सिल. आमच्या कचेरीचे फॉर्म त्यांच्याकडे छापले जात, एवढाच आमचा संबंध.

बहात्तरच्या दुष्काळानंतर आमच्याकडे कार्डं निवडायचं यंत्र आलं. माझ्या नातवंडांना कळेल असं सांगायचं तर तो आमचा कॉम्प्युटर. एका कुटुंबाचं एक जाड कार्ड, त्यात भोकं पाडून गाव-तालुका नोंदवलेला. गठ्ठा ठेवला की यंत्राने पारनेरची कार्डं एका खणात टाकायची, पाथर्डीची दुसऱ्यात. भोकं पाडायला माझी नेमणूक झालेली. वय वीस, पुण्यात तीन महिन्यांचा कोर्स, म्हणजे अर्थातच सर्वज्ञ. शिपायालासुद्धा मी इंग्रजीत 'नो' म्हणत असे.

यंत्र बसवायला मुंबईहून इंजिनिअर आले. यंत्र घरघरलं, आणि खाडकन अडकलं. चुरगळलेलं कार्ड ओढून काढायचं, पुन्हा सुरू करायचं. शंभरेक कार्डं गेली की पुन्हा खाड! "तुमच्याकडची वीजच खराब," असं म्हणत त्यांनी दोन दिवस यंत्र उघडलं आणि मिटलं. शेवटी आमचे साहेब म्हणाले, "शनिवारपर्यंत चाललं नाही तर परत पाठवू. आणि बाई, मग तुम्हालाही इथे काम उरणार नाही." नोकरीचं कारण सांगून मी स्थळं थोपवून धरली होती. नोकरी गेली असती, तर पंधरवड्यात सुप्याच्या कुठल्याशा मुलापुढे पोह्यांची बशी धरून उभी असते.

शुक्रवारी सकाळी कादरमामा फॉर्म पोचवायला आले.

"तोंड का उतरलंय गं पोरी?"

"तुम्हाला नाही कळायचं, मामा. इलेक्ट्रिकल आहे."

"व्हय, ते न्हाईच कळायचं. मेलेली कार्डं कुठं हायेत?"

"टाकली कचऱ्यात."

"लई शिकलीस!"

त्यांनी स्वतः टोपली पालथी केली. अकरा कार्डं निघाली. तळहाताने सरळ करून ती रुमालावर ओळीने मांडली. इंजिनिअर हसले. मीही हसले, त्यांच्यापेक्षा जरा मोठ्याने. मामांनी कडांवरून बोट फिरवलं. प्रत्येक कार्डाच्या कडेला, बरोबर मधोमध, एक बारीक खाच होती.

"साहेब, गठ्ठ्याचं पहिलं न्हाईतर शेवटचंच कार्ड अडकतंय का?"

इंजिनिअरनी यंत्रात ठेवलेल्या गठ्ठ्याकडे पाहिलं. "हो, तसंच होतंय."

"मंग इजेला बोल लावू नका. सुतळीनं कागद चावलाय. आमच्यात असा गठ्ठा बांधला तर मालक हाकलून देतो."

माझं हसू ओठांवरच सुकलं. माझे वडील तलाठी. दप्तराची गाठ कशी आवळायची, हे मला बाराखडीआधी शिकवलेलं. "गाठ सैल तो माणूस सैल," असं ते म्हणत. शंभर-शंभर कार्डांचे ते गठ्ठे मीच करकचून बांधले होते, वर इंजिनिअरना कौतुकाने दाखवलेही होते.

"कुणी बांधले हे?" साहेबांनी विचारलं.

एरवी सगळ्या कचेरीच्या चुका काढणारी मी छताच्या पंख्याचं निरीक्षण करू लागले.

"सुतळीनं बांधलं, साहेब," मामा म्हणाले. "मानूस सोमवारी हुडका. आज कार्डं बदलू."

मामांनी गठ्ठ्यांच्या गाठी सोडल्या, खाच पडलेलं एकेक कार्ड मी नव्याने केलं. मामांनी छापखान्यातून पुठ्ठे आणले, गठ्ठ्याला एक वर, एक खाली. बांधायला सुतळीऐवजी कापडाची पट्टी. शनिवारी दुपारी यंत्राने सगळे गठ्ठे निमूटपणे निवडून दिले. 'वीजपुरवठा सुधारल्यावर यंत्र सुरळीत चालले,' असं इंजिनिअरनी अहवालात लिहिलं. सोमवारी साहेब माणूस शोधायला विसरले.

शनिवारी निघताना मामांनी कार्डांचा तो रुमाल माझ्यापुढे सोडला. "ही मयतं तुझी. माती तूच दे."

"तुम्हाला कसं कळलं?"

"गाठी सोडता सोडता माजी नखं तुटली. तलाठ्याची लेक, तलाठ्याची लेक म्हनून तूच कचेरीभर सांगत असतीस न्हवं?"

मामा जाऊन आता पुष्कळ वर्षं झाली. मातीला बाईमाणसाने जायची रीत नव्हती. मी घरी बसून ती कार्डं जपून ठेवलेला डबा उघडला, अकरा कार्डं रुमालावर मांडली आणि बराच वेळ बघितली. मग पुन्हा डब्यात ठेवली. त्यांना अजून माती दिलेली नाही.

आमचे साहेब आता नव्वदीच्या पुढे असतील. हे त्यांच्या वाचनात आलंच, तर कळावे: सुतळी माझी होती.